बापूंच्या हृदयात स्टेंट आणि आबांच्या किडनीत पण स्टेंट, मग एकाचा काढायचा आणि दुसऱ्याचा नाही असं का?

तापीकाठ_चोपडा:

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, कारण घरात रोज संध्याकाळी यावरून वाद चालू आहे.

आमचे बापू, म्हणजे वडील, वय ५८. संक्रांतीनंतर चार दिवसांनी पहाटे शेतात मोटर चालू करायला गेले आणि तिथेच छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं, घाम एवढा की बंडी पिळून काढावी. सालदाराने गाडीवर बसवून घरी आणलं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि एक मिनिट न घालवता चोपड्याला पाठवलं, तिथे गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्सने जळगाव. अँजिओग्राफीत एलएडी नावाची नस ९५ टक्के बंद निघाली, दुसऱ्या दिवशी एक स्टेंट टाकला. देवाच्या कृपेने आता बरे आहेत.

आता दुसरी गोष्ट. आमचे मोठे काका, आम्ही आबा म्हणतो, वय ६४. त्यांचा मुतखडा दिवाळीच्या आधी दुर्बिणीतून काढला. सुटी देताना डॉक्टर म्हणाले आत स्टेंट ठेवलाय, परत या. पण मग कापूस वेचणी सुरू झाली, नंतर बापूंचं हे झालं, आता हरभरा काढणीला आलाय, जाणं झालंच नाही. चार महिने झाले. लघवीला जळजळ होते, ट्रॅक्टर चालवला की कंबरेत दुखतं आणि त्या दिवशी लघवी लालसर होते. चला म्हटलं तर आबा काय म्हणतात, "त्याना काढा नई, मंग मना कसाले काढानं?" म्हणजे बापूंचा कायमचा आहे तर माझा का नाही. आणि खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही.

तिसरं, बापूंची दाढ दुखतेय, काढायची म्हणतात. कोणीतरी सांगितलं की रक्त पातळ करायच्या गोळ्या आठ दिवस बंद करून मग काढ. करू का बंद? आणि हा स्टेंट म्हणजे नक्की असतो तरी काय, कोणी आपल्या भाषेत सांगेल का.

कॅथलॅब_धुळे:

दादा, आधी दोन कामाच्या गोष्टी, बाकी नंतर वाच. आबांना याच आठवड्यात युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनी-लघवीच्या सर्जनकडे ने, हरभरा थांबेल. थंडी वाजून ताप आला तर आठवडा पण थांबू नको, त्याच रात्री ने. आणि बापूंची एकही गोळी बंद करू नको.

आता समजावून सांगतो. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाची अँजिओग्राफी करून स्टेंट टाकतात तिथे, टेक्निशियन आहे, ११ वर्षं रोज हेच बघतोय आणि हा गोंधळ मी फक्त तुझ्याच घरात पाहिलेला नाही, बऱ्याच जणांचा होतो, कारण नाव एकच आहे. स्टेंट म्हणजे शरीरातली कुठलीही नळी आतून उघडी धरून ठेवणारा आधार, बस. नळी हृदयाची असेल, लघवीची असेल, पित्ताची असेल, अन्ननलिका असेल. पण कुठली नळी आहे आणि तिच्यातून काय वाहतं यावर सगळे नियम बदलतात, आणि तुझ्या घरातल्या दोघांचे नियम तर एकदम उलटे आहेत.

बापूंचा स्टेंट आधी. ती धातूची जाळी असते, आजकाल बहुतेक कोबाल्ट क्रोमियमची. पाकिटातून काढली की बॉलपेनातल्या स्प्रिंगपेक्षा बारीक दिसते, आणि तिची तार साधारण माणसाच्या केसाएवढी जाड. ती एका रिकाम्या फुग्यावर घट्ट आवळून बसवलेली असते. मनगटातून, नाहीतर जांघेतून, एक लांब नळी हृदयाच्या नसेच्या तोंडापर्यंत नेतात, तिच्यातून केसासारखी वायर ब्लॉकच्या पलीकडे काढतात आणि त्या वायरवरून फुगा सरकवत जागेवर आणतात. मग डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणतात, फुगव. माझ्या हातात पिचकारीसारखं यंत्र असतं, त्याला दाब दाखवणारं घड्याळ लावलेलं असतं, मी पीळ देत मोठ्याने आकडे म्हणतो, आठ, दहा, बारा. बारा अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे मोटरसायकलच्या टायरातल्या दाबाच्या पाच-सहा पट. तेवढ्या दाबाने जाळी उघडून नसेच्या भिंतीत रुतते. त्या दहा-पंधरा सेकंदात नस पूर्ण बंद असते म्हणून पेशंटच्या छातीत दुखतं, पेशंट जागाच असतो ना, मी दर वेळी सांगतो, बाबा आता थोडं दुखेल, माझ्याकडे बघा. मग फुगा रिकामा करून बाहेर, जाळी आत. आणि पडद्यावर जिथे आधी काळी रेघ तुटलेली दिसत होती तिथून एकदम रक्त पुढे जातं. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो.

आधी नुसता फुगाच होता. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा जाग्या माणसाच्या हृदयाची नस फुग्याने उघडली. पण फुगा काढला की बऱ्याच जणांची नस काही महिन्यांत परत आवळून यायची, काहींची तर तिथल्या तिथे बंद पडायची. म्हणून आतून टेकू द्यायची कल्पना निघाली आणि १९८६ ला फ्रान्समध्ये तुलूझला जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानला उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट बसवले. तरी नुसत्या धातूच्या जाळीत आतून मांस वाढून नस परत अरुंद व्हायची, म्हणून मग जाळीवर औषधाचा लेप आला, ते औषध काही महिने हळूहळू सुटतं आणि ती वाढ रोखतं. बापूंचा तोच असणार, आता बहुतेक तोच टाकतात.

आता आबांच्या प्रश्नाचं उत्तर. बापूंच्या जाळीवरून पुढच्या काही महिन्यांत नसेचं स्वतःचं पातळ अस्तर वाढतं, जाळी झाकली जाते, ती नसेचाच भाग होते. काढायचा प्रश्नच येत नाही, काढता पण येत नाही. पण अस्तर पूर्ण येईपर्यंत रक्ताला उघडा धातू दिसतो आणि उघडा धातू दिसला की त्याच्यावर गुठळी बसायला बघते. म्हणून तर दोन-दोन गोळ्या. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर असं काहीतरी. अ‍ॅटॅकनंतर टाकलेला असेल तर जोडी साधारण वर्षभर, पुढे अ‍ॅस्पिरिन बहुधा कायम. बापूंना दीडच महिना झालाय. आत्ता गोळ्या बंद करणं म्हणजे तीच नस परत बंद पडायला वाट मोकळी करून देणं, आणि या वेळी चोपड्याला पोचायला वेळ मिळेलच असं नाही. दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढता येते, दातांच्या डॉक्टरला स्टेंटचं आधी सांगायचं, ते टाका घालतात, कापूस जास्त वेळ दाबून धरायला सांगतात. घाई नसेल तर आत्ता तात्पुरता इलाज करून काढणं पुढे पण ढकलतात. तरी हृदयाच्या डॉक्टरला एक फोन करून विचार. हिरड्यातून थोडं रक्त येणं चालतं, पण शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दाखवायचं.

आबांचा स्टेंट धातूची जाळी नाहीच. ती मऊ प्लास्टिकची लांब नळी आहे, वीतभरापेक्षा थोडी जास्त, दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखी वळलेली. एक टोक किडनीत, एक मूत्राशयात. दोन्हीकडचा आकार इंग्रजी जे सारखा म्हणून डबल जे, म्हणजे डीजे स्टेंट. खडा काढल्यावर आतली नळी सुजते, लघवी तुंबू नये म्हणून काही आठवडे ठेवतात. तिच्यावर कुठलंही अस्तर येत नाही, तिच्यावर येतो क्षार. तुमच्याकडे ठिबक असेलच. बोअरच्या पाण्याने ठिबकच्या नळीचं काय होतं ते आबांना मी सांगायला नको, अ‍ॅसिड सोडून धुवावी लागते. लघवीत पण तेच क्षार असतात आणि ज्याला एकदा मुतखडा झालाय त्याच्या लघवीत तर जास्तच. आणि इथे आतून अ‍ॅसिड सोडता येत नाही.

शिरपूर_४२५४०५:

माझ्या ओळखीच्या एका काकांनी बायपासनंतर, का स्टेंटनंतर नक्की आठवत नाही, तीन महिन्यांत सगळ्या गोळ्या सोडल्या, अर्जुनाच्या सालीचा काढा घेतात, एकदम ठणठणीत आहेत. इतक्या गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणतात. विचार करून बघा.

कॅथलॅब_धुळे:

भाऊ, तुमच्या काकांना उदंड आयुष्य लाभो, पण हे इथे वाचून कोणी गोळ्या सोडेल म्हणून बोलतोय. गोळ्या सोडून परत टेबलावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. एक होते पारोळ्याकडचे, मुलीच्या लग्नाच्या धावपळीत गोळ्या संपल्या आणि आणायच्या राहून गेल्या, हळदीच्या दिवशी आणलं. वाचले, पण हृदयाचा बराच भाग कमजोर झाला तो झालाच. काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरला सांगून घ्या, गोळीच्या जागी नको.

भुसावळची_लेक:

तापीकाठ दादा, मला तुमच्या आबांबद्दल बोलायचंय. माझ्या आईचा डीजे स्टेंट चौदा महिने आत राहिला.

तिच्या खड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरीच होते, घरात सगळी गडबड. सुटीच्या कागदावर अगदी खाली, औषधांच्या यादीनंतर, इंग्रजीत एक ओळ होती की सहा आठवड्यांनी स्टेंट काढायला या. कोणी तोंडी नीट सांगितलं नाही, निदान आम्हाला तरी तसं आठवत नाही, आणि मी बीकॉम झालेले, मी तो कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला पण शेवटपर्यंत वाचला नाही. आईला जळजळ व्हायची तर आम्ही म्हणायचो उन्हाळा आहे, भुसावळचा मे तुम्हाला माहितीय, धण्याचं पाणी दे, सब्जा दे. मग एकदा रात्री एवढी हुडहुडी भरली की चार गोधड्या टाकल्या तरी खाट हलत होती.

एक्सरे काढला तो डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. दोऱ्यावर खडीसाखर धरते ना, तशी त्या नळीच्या दोन्ही टोकांवर पांढरी ढेकळं. वरचं टोक किडनीत लिंबाएवढं झालेलं. नळी ओढून निघेना. आधी सलाइनमधून अँटिबायोटिक देऊन ताप उतरवला, मग खालचं ढेकूळ लेझरने फोडलं आणि तीन आठवड्यांनी पाठीतून भोक पाडून वरचं. जे काम दहा मिनिटांत झालं असतं त्याला दोन ऑपरेशनं आणि आईची डावी किडनी आता कमी काम करते, किडनीची क्रिएटिनिन नावाची रक्ततपासणी दर तीन महिन्यांनी करावी लागते.

आबांना माझं नाव सांगून सांगा की भुसावळच्या एका मुलीने हात जोडून सांगितलंय, जा म्हणून. चार महिने अजून फार उशीर नाही झालेला.

अमळनेर_गुरुजी:

निवृत्त शिक्षक आहे, वैद्यकीय सल्ला देणार नाही, पण स्टेंट म्हणजे काय असं विचारलंय म्हणून शब्दाचं मूळ लिहितो. स्टेंट हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे. चार्ल्स स्टेंट, लंडनचे दंतवैद्य. कवळी बनवायच्या आधी दातांचा ठसा घ्यावा लागतो, त्याच्यासाठी त्या काळी गट्टापर्चा नावाचा झाडाचा चीक वापरत, पण तो थंड झाला की आकार बदलायचा. स्टेंट यांनी १८५६ साली त्यात इतर पदार्थ मिसळून ठसा टिकेल असं मिश्रण केलं आणि ते त्यांच्या नावानेच विकलं जाऊ लागलं. पुढे पहिल्या महायुद्धात एसर नावाच्या डच शल्यविशारदांनी सैनिकांच्या चेहऱ्यावर कातडीचे कलम करताना ते कलम जागेवर दाबून धरायला हेच मिश्रण वापरलं. तिथून शब्दाचा अर्थ सरकत गेला, आधी ठशाचं मिश्रण, मग शरीराचा भाग जागेवर धरणारी वस्तू, आणि आता नळी आतून उघडी धरणारी वस्तू. शब्द कुठून आला याबद्दल इतरही मतं आहेत पण सर्वात जास्त मान्य हेच.

आपल्या मराठीत याला चांगला रुळलेला शब्द नाही याचं मला वाईट वाटतं. घरात बोलताना मी स्वतः हृदयाच्या स्टेंटला जाळी आणि किडनीच्या स्टेंटला नळी म्हणतो. पेशंटला पहिल्या दिवसापासून जाळी आणि नळी असं वेगळं सांगितलं असतं तर आबांनी हा प्रश्नच विचारला नसता. जाळी राहते, नळी निघते, माझ्या शाळेत चौथीच्या पोरालाही कळलं असतं.

साक्री_हिशोब:

गुरुजी, जाळी आणि नळी, लक्षात ठेवतो.

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून मी सांगतो. २०१६ ला माझ्या सासऱ्यांच्या बिलात एका स्टेंटचे १ लाख ३५ हजार लावले होते, दोन टाकले, म्हशी विकल्या आम्ही. पुढच्या वर्षी फेब्रुवारी २०१७ ला केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल दर ठरवले, औषधाचा लेप असलेला २९,६०० आणि साधा धातूचा ७,२६०, कर वेगळा. एका रात्रीत लाखावरून तीस हजारांच्या आत. नंतर दर बदलत गेले आहेत, आता थोडे वाढलेत, पण कमाल मर्यादा अजून आहे, त्याच्या वर घेता येत नाही. आणि हॉस्पिटलला बिलात स्टेंटची किंमत वेगळी, ब्रँड आणि बॅच नंबरसकट लिहावी लागते. पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून देतात ते फाडू नका, त्यावर साइज पण असतो, उद्या परत काही झालं तर नव्या डॉक्टरला तेच उपयोगी पडतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नस उघडून जाळी टाकायचं हे काम, बसते, आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते आता पाच लाख झालेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं, पैसे भरायच्या आधी, नंतर नाही. मुतखड्याची ऑपरेशनं पण यादीत आहेत. १५५३८८ वर फोन करून जवळचं कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते विचारता येतं.

नंदुरबार_७:

एमआरआय चालतो का हो जाळी असताना? आमच्या वहिनींना कंबरेचा सांगितलाय.

कॅथलॅब_धुळे:

ताई, आत्ताच्या हृदयाच्या स्टेंटला चालतो, एमआरआयवाल्यांना आधी सांगायचं आणि ते स्टिकर दाखवायचं.

गुरुजी, तुमचं जाळी-नळी मी उद्यापासून लॅबमध्ये वापरणार. फक्त एक जोडतो, पित्ताच्या नळीत कावीळ उतरवायला टाकतात तो प्लास्टिकचा असेल तर तो पण साधारण तीन महिन्यांत बदलावा किंवा काढावा लागतो. म्हणजे प्लास्टिकचा म्हटलं की तारीख विचारून घ्यायची.

तापीकाठ_चोपडा:

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

भुसावळच्या ताईंचा मेसेज मी आबांना ओसरीत बसून पूर्ण वाचून दाखवला. खडीसाखरेपर्यंत आलो आणि आबा म्हणाले बस, उद्या सकाळी गाडी काढ. काकूने देवाजवळची फाइल शोधली, आमच्या कागदावर पण तेच, शेवटची ओळ, चार आठवड्यांनी काढणे.

एक्सरेत खालच्या टोकावर थोडा क्षार दिसला, वर साफ. आधी लघवी तपासली, इन्फेक्शन होतं म्हणून पाच दिवस गोळ्या दिल्या आणि काल काढला. भूल नाही, नुसतं जेल लावून दुर्बीण घातली, मी बाहेर चहा सांगितला तो यायच्या आधी आबा बाहेर. डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवून दाखवली, निळसर नळी, खालच्या वळणावर चुन्यासारखा खरखरीत थर. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इतली मोठी नळी मना पोटमा व्हती का रे?" गाडीत बसल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाकी काही बोलले नाहीत.

बापूंच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एकही गोळी चुकवायची नाही, दाढ तशीच काढा. सोमवारी काढली, एक टाका, अर्धा तास कापूस धरला, रक्त थांबलं. बापूंच्या खोलीतल्या कालनिर्णयवर मी पुढच्या जानेवारीपर्यंत दर महिन्याच्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय, गोळ्या आणल्या का.

ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आबांनी मुद्दाम सांगायला लावलाय.

भुसावळची_लेक:

वाचून रडायला आलं दादा. आईला आत्ताच वाचून दाखवलं.

कॅथलॅब_धुळे:

फार बरं वाटलं. आबांना एक-दोन दिवस जळजळ राहील, लघवी थोडी लालसर येईल, घाबरू नका, पाणी भरपूर पाजा. थंडी-ताप आला तर मात्र लगेच परत.

तापीकाठ_चोपडा:

हो. माठ त्यांच्या खाटेजवळच आणून ठेवलाय.